एक थेंबसुद्धा नाही

...आणि वर मलाच विचारतात! "तुम्ही औषधांच्या दुकानातले ना हो? मग तुमच्याच घरी बाळ कसं काय एवढं रडतं?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! म्हणजे न्हाव्याचे केस वाढत नाहीत का? पेट्रोलपंपावरच्या माणसाची गाडी कधी बंद पडत नाही का? तसं फार्मासिस्टचं बाळ रडतं. आणि असं रडतं, तुम्हाला सांगतो, असं रडतं, की खालून जाणारे सायकलवाले मागून ट्रक आला समजून बाजूला होतात!

पाच आठवड्यांची पोर हो. वजन सव्वाचार किलो. आमच्या दुकानात सलाइनच्या बाटल्यांचं खोकं येतं, ते जास्त जड असतं. आणि दिवसभर काय गुणी! दूध पिते, झोपते, कोणी बघायला आलं की छानपैकी जांभई देते, आलेला माणूस म्हणतो, "किती शांत आहे हो तुमची मुलगी!" मी म्हणतो, बसा. पावणेसहापर्यंत बसा फक्त. कारण पावणेसहा वाजले रे वाजले, की चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, आणि... सुरू! ते थेट साडेआठपर्यंत. रविवार नाही, सुट्टी नाही. एवढी वक्तशीर माणसं आमच्या मालकांना दुकानात नोकरीला मिळत नाहीत!

आम्ही काय हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नखशिखांत तपासलं. पोट, कान, घसा, ताप, वजन, लंगोट सोडून मांड्यांचे सांधेसुद्धा. मग म्हणाल्या, "बाळ ठणठणीत आहे. पोट दुखल्यासारखं रडतात अशी काही बाळं, त्याला कॉलिक म्हणतात. नेमकं कशाने होतं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. औषध एकच. वेळ." मी आपला सवयीने विचारून गेलो, "दिवसातून किती वेळा?"

बायकोने असं बघितलं माझ्याकडे...

पण डॉक्टरीणबाई हसल्या, तुम्हाला सांगतो, आणि मग हसू आवरून जे बोलल्या ते मी कोरून ठेवलंय इथे, कपाळावर. म्हणाल्या, "सहाव्या आठवड्यापर्यंत वाढेल, मग उतरेल, तीन-चार महिन्यांत संपेल. तोपर्यंत आईचं दूध आणि तुम्हा दोघांचे खांदे. छातीशी उभं धरा, ढेकर काढा, दिवे मंद करा, पंख्याचा घुं घुं आवाज चालू ठेवा, हळूहळू फिरवा. पण तोंडात काही जायचं नाही. साधं पाणी नाही, बडीशेपेचं पाणी नाही, ग्राइप वॉटर नाही, आणि मध तर वर्षभर नावसुद्धा काढायचं नाही, एवढ्या लहान बाळाला मधाने भयंकर आजार होऊ शकतो. मला विचारल्याशिवाय एक थेंबसुद्धा नाही!" मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही! औषधांत राहता म्हणून विशेष सांगते. हात फळीकडे गेला नाही पाहिजे."

आता हे ऐकून मनात बसवायचं म्हणजे बसवायचं ना? मी बसवलं. घरी आलो, दाराच्या आतच जाहीर केलं, एक थेंबसुद्धा नाही म्हणजे नाही!

आणि तिथून जे युद्ध सुरू झालं...

कारण असं आहे बघा, बाळ जन्माला येतं ना, तेव्हा त्याच्याबरोबर पन्नास डॉक्टर जन्माला येतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू! माणूस सोन्यासारखा, जिना उतरताना गुडघे कुरकुरतात तरी रोज सहाच्या ठोक्याला दारात हजर. "अगं बाई बाई बाई, किती रडवताय लेकराला! दोन चमचे बडीशेपेचं पाणी पाजा, आमचा नातू, बंटी, काय गुपचूप झोपायचा!" मी म्हणतो, काकू, नको. "अरे, पानाफुलांचं आहे, त्याने काय होतंय?" काकू, विषारी झाडंसुद्धा पानाफुलांचीच असतात. "मग मधाचं बोट?" काकू!! एक थेंबसुद्धा नाही! बरं, काकूंना थोपवावं तर आमच्या दुकानात माल पोचवणारा टेंपोवाला, ज्याला स्वतःला मूल नाही, लग्न नाही, तो खोकी उतरवता उतरवता मला सांगतो, "साहेब, गरम पाण्याची पिशवी ठेवा पोटावर." अरे, चटका बसेल तिला, कातडी आहे का काय आहे ती, कांद्याचा पापुद्रा आहे! "मग साहेब, जरा जोरात हलवा की, गप्प होतात." खोकं ठेवलं मी खाली आणि त्याला उभा केला समोर. म्हटलं, हे मात्र चेष्टेतसुद्धा बोलायचं नाही. तान्ह्या बाळाला जोरात हलवलं की डोक्यात आत रक्तस्राव होतो. कायमचं. पुढच्या वेळी कुणाला हा सल्ला दिलास तर मी तुला हलवीन!

खरं सांगू? एवढा चिडलो कारण घाबरलो होतो. आदल्याच संध्याकाळी... आता तुमच्यापासून काय लपवायचं... सव्वासात वाजले होते, बायको तीन रात्रींची जागी, तिला मी आत झोपायला पाठवलेलं, आणि पोर माझ्या कानात दीड तास... दीड तास! आणि एकदम माझे हात घट्ट झाले. म्हणजे मी घट्ट केले नाहीत, झाले. मला कळलं ते. तशीच तिला पाळण्यात ठेवली, उताणी, उशी नाही, पांघरूण नाही, दार लोटलं आणि जाऊन मोरीत उभा राहिलो नळ सोडून. दहा मिनिटं. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं होतं, "रडण्याने बाळाला काही होत नाही हो, वैतागलेल्या हातांनी होतं. ठेवा आणि बाहेर जा." तेव्हा मला वाटलं होतं, हे माझ्यासाठी नाही, हे दुसऱ्या कुणा तापट माणसांसाठी आहे. कसचं काय! तोंड धुतलं, परत गेलो, उचललं, पुन्हा फेऱ्या सुरू. हॉल, स्वयंपाकघर, हॉल, गॅलरी. मी हरणार नव्हतो, तुम्हाला सांगतो. तीन महिने तर तीन महिने!

आणि अशात आले सासरे.

आमचे सासरे म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात चाळीस वर्षं नोकरी, काम काय तर छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या. आता छापखाना सुटला पण चुका कुठे सुटतात? भाजीवाल्याची पाटी वाचतात, "टोमॅटोच्या 'मॅ'वरचा चंद्र कुठे गेला हो!" भाजीवाला म्हणतो, "पिकलेले आहेत ना काका, घ्या!" नातीला बघायला म्हणून आठ दिवसांसाठी आले, आणि पहिल्याच संध्याकाळी पावणेसहाला त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. "जावईबापू! हे काय आहे?" म्हटलं, बाबा, हे रोज आहे. "मग औषध?" नाही. "तुम्ही औषधवाले असून?" असून नाही, म्हणूनच नाही! "तुमचं दुकान कशाला आहे मग?" आता बोला!

दोन दिवस कळ काढली त्यांनी. नातीला खांद्यावर घेऊन फिरायचे, डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. मला तिसऱ्या दिवशी सकाळी गाठलं, "एखादं सौम्य काही... तुमच्या फळीवर असेलच." मी म्हटलं, बाबा, तुमच्या पाया पडतो, पण एक थेंबसुद्धा नाही म्हणजे नाही. काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं. पटलं कसलं! माणूस गप्प बसला म्हणजे पटलं, असं समजणारा माझ्यासारखा गाढव मीच!

त्याच संध्याकाळची गोष्ट. मला दुकानात उशीर झाला. घरी पोचेपर्यंत सात. जिना चढताना कान टवकारले... आणि काही नाही. शांत. आवाजच नाही! आधी वाटलं, मजला चुकला. दार उघडलं तर सासरे खुर्चीत, चेहऱ्यावर काय समाधान, काकू सोफ्यावर, बायको स्वयंपाकघरात चक्क बसून जेवतेय, दोन्ही हातांनी! "श्शू," काकू म्हणाल्या, "झोपलीय. साडेसहापासून." आणि सासरे हळूच, "पाहिलंत जावईबापू? एवढं तर होतं!"

एवढं म्हणजे केवढं? मी विचारलं, बाबा, काय केलंत? तर काकू कौतुकाने सांगतात, "अरे, आमच्या बंटीची पोटदुखीची बाटली होती ना फ्रिजच्या दारात, ती दिली मी यांना. सहाला चमचाभरच दिलंय." बंटी किती वर्षांचा? पाच! आणि चमचा? चहाचा!

बायको बाहेर आली तोंडात घास तसाच. तिला माहीतच नव्हतं. तिला वाटलं, आपली आपण झोपली, देव पावला.

बाटली घेतली मी हातात. लेबल अर्धं पुसलेलं, पण मला वाचायला कशाला लागतंय, रंगावरून ओळखतो मी. आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, शाबूत होतं नेमकं, 'सहा महिन्यांखालील बाळांना देऊ नये.'  धावलो पाळण्याकडे. तुम्हाला सांगतो, पाच आठवडे मी एकच गोष्ट मागत होतो, ही गप्प व्हावी, पाच मिनिटं गप्प व्हावी. आणि त्या क्षणी मी तिला उचललं, तिची मान माझ्या हातावर अशी सैल पडली, तळपायाला टिचकी मारली, गाल चोळला, कानात हाक मारली, ए बाळा, ए राणी, रड गं, रड ना... जरासे ओठ हलवले आणि पुन्हा तशीच. श्वास चालू होता. पण मध्येच थांबल्यासारखा व्हायचा, मग पुन्हा. मी मोजत होतो.

 बायकोच्या पायात चप्पल नाही, हात खरकटा, तिने माझ्या हातातून पोरीला घेतलं, छातीशी धरलं आणि जिना उतरायलासुद्धा लागली. फक्त वळून म्हणाली, "बाटली घे." एवढं तिला सुचलं! मी औषधवाला, मी ती टेबलावर विसरून निघालो होतो! खाली टॅक्सी थांबवली, सासरे मागून धावत, एका पायात चप्पल, एका पायात बूट, आणि मी वाटेतूनच फोनवर डॉक्टरीणबाईंना सांगतोय, वय पाच आठवडे, वजन सव्वाचार, औषध हे, एक चमचा, वेळ सहा. त्या म्हणाल्या, "उलटी काढायचा प्रयत्न करू नका. काही पाजू नका. थेट या." टॅक्सीवाल्याने आरशात बघितलं आणि अशी काढली गाडी गल्लीबोळांतून की बास.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई दारातच उभ्या. आत नेलं. एवढ्याशा पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा, छातीवर तारा, यंत्रावर आकडे. बाटली बघितली, लेबल बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागावतील वाटलं. रागावल्या नाहीत हो, ते जास्त वाईट. म्हणाल्या, "वेळेत आणलंत, आणि बाटली आणलीत, हे बरं केलंत. या औषधाने एवढ्या बाळाचा श्वास मंदावतो. आता उतरेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचं. आई आत थांबा. तुम्ही बाहेर."

बाहेर बाकावर सासरे. चष्मा हातात. मी शेजारी बसलो. आणि मला बोलायचं होतं, बरं का, येताना टॅक्सीत सगळं जुळवून ठेवलं होतं, असं बोलेन, तसं बोलेन, चाळीस वर्षांत ऐकलं नसेल असं बोलेन! तर तेच म्हणाले, समोरच्या भिंतीकडे बघत, "तिचं डोकं लागत होतं म्हणून चष्मा काढून ठेवला होता मी. वाचलंच नाही."  मग, "लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करत फिरतो मी. आणि एक ओळ वाचली नाही." आणि रडायला लागले. सत्तर वर्षांचा माणूस, हुंदके देऊन.  सगळं जुळवलेलं गिळलं. हात ठेवला पाठीवर. आणि खरं सांगतो, तेव्हा मला एकदम कळलं की मी 'नाही म्हणजे नाही' ओरडत फिरलो घरभर, पण 'का नाही' ते यांना बसवून एकदाही सांगितलं नाही. टेंपोवाल्याला सांगितलं! सासऱ्यांना नाही! फळीवरच्या औषधाला मी कुलूप लावलं आणि काकूंच्या फ्रिजच्या दाराचं कुणाच्या लक्षात?

आठ वाजले. साडेआठ. नर्स ये-जा करते, काही सांगत नाही. नऊ. काकू आल्या कुरकुरत्या गुडघ्यांनी, घामाघूम, बाकाच्या टोकाला बसल्या, पदर तोंडाला. 

आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी आतून... आधी एक कुंथल्यासारखं. मग एक उचकी. मग... अहो, भोंगा! तोच! तोच आपला ट्रकचा भोंगा! दार बंद, तरी सगळा मजला हादरला! मी उठून उभा, सासरे उभे, काकू गुडघ्यांसकट उभ्या, तिकडून नर्स हसत बाहेर, "काय आवाज आहे हो तुमच्या मुलीचा!" म्हटलं, आहे ना? आहे ना! ऐका, ऐका, अजून वाढतो! मी आयुष्यात एवढं सुंदर काही ऐकलेलं नाही, तुम्हाला सांगतो, आणि त्या पोरीने निराश नाही केलं, झालेला सगळा उशीर भरून काढला!

रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला चौघांनाही समोर बसवलं, काकूंसकट, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या मुलाचं औषध नाही. चहाचा चमचा नाही. काकूंचा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव नाही. आणि रडणं सोडून वेगळं काही दिसलं, म्हणजे ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध सोडलं, किंवा अशी मलूल पडली, तर थांबायचं नाही, फोन करून यायचं. सासऱ्यांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. मग त्यातली स्वतःचीच एक वेलांटी दुरुस्त केली. तेव्हा मला जरा हायसं वाटलं, म्हटलं, माणूस ठिकाणावर आला.

पुढे काय, पावणेसहा काही चुकले नाहीत. पण आता पाळ्या लावल्या. पावणेसहा ते साडेसहा मी, मग काकू, मग बायको, आणि शेवटची पाळी सासऱ्यांची. आठ दिवसांचे दोन महिने झाले! त्यांनी काय शोधून काढलं माहितेय? छातीशी धरायचं, दिवा मंद करायचा, आणि जुन्या मुद्रितशोधकासारखं सावकाश, एका सुरात वाचायचं, विरामचिन्हांसकट. "सदर यंत्र, स्वल्पविराम, कोरड्या जागी ठेवावे, पूर्णविराम." वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक हो! पाच पानं! आणि पोर हळूहळू ढिली पडायची, मूठ उघडायची... मी बायकोला म्हटलं, हे सुरक्षित आहे ना गं? ती म्हणाली, "बाळाला आहे. आपण दोघं झोपतोय उभ्या उभ्या."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. सहावा आठवडा म्हणजे कहर, आठव्यात दोन तास, दहाव्यात तास, आणि तीन महिने होऊन चार दिवस झाले त्या संध्याकाळी पावणेसहा वाजले, सहा वाजले, ही पाळण्यात पडून पंख्याकडे बघत हसतेय! आम्ही चौघं तिच्याभोवती उभे, बस चुकल्यासारखे!

जिंकलो म्हणायचं. त्या चमच्यानंतर शेवटपर्यंत आम्ही दुसरं काही पाजलं नाही, तुम्हाला सांगतो, एक थेंबसुद्धा नाही!

फक्त सासऱ्यांचं काय करायचं ते कळत नाही. संध्याकाळ मोकळी झाली ना त्यांची! आता रोज पावणेसहाला आमच्या दुकानात येऊन स्टूल टाकून बसतात. चष्मा डोळ्यांवर, दोरी बांधून. गिऱ्हाईकाने बाटली उचलली की यांचा हात पुढे. "द्या इकडे. वाचू या." आणि पहिल्या अक्षरापासून, स्वल्पविरामासकट! रांग लागते बाहेरपर्यंत. परवा एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आली, तिला विचारतात कुणासाठी, वय काय, वजन काय, आधी काय घेतलंय, ताप आहे का, आणि शेवटी तिला परत पाठवली डॉक्टरांकडे जा म्हणून! मालक मला म्हणतात, "अरे, हे तुझे सासरे आहेत की सरकारी तपासणी?" काल तर माझंच डोकं ठणकायला लागलं, सकाळपासून उभा, म्हटलं, बाबा, त्या खणातली एक गोळी द्या जरा. तर खण बंद केला, माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणतात, "कशामुळे दुखतंय ते आधी डॉक्टरांकडून लिहून आणा."

आता कशामुळे दुखतंय, ते मला माहितेय. डॉक्टरांना माहितेय. रांगेतल्या सगळ्यांना माहितेय! पण सासऱ्यांचं नाव चिठ्ठीवर कुठला डॉक्टर लिहून देणार हो?